ब्रह्मपुरीची मूर्ती आणि दुहेरी साचा
(वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी इतिहास व मातीकाम यांचा समवाय पाठ)

उद्देश : परदेशाशी आलेल्या संबंधांतून आपल्या कारागिरांनी काय घेतले व काय आपले राखले, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने काम करून उमगावे.

विषयविवेचन : कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे इ. स. १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वसतीचे अवशेष उजेडात आणले. याच टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी कांस्यमूर्ती मिळाली होती. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाची मोठी ठेव आहे. लिसिपस या ग्रीक शिल्पकाराच्या परंपरेतील घडणीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे ही मूर्ती आली ती रोमन व्यापाराच्या ओघात.

व्यापाराबरोबर वस्तू येतात, तशी कसबेही येतात. त्या काळी तेर, पैठण, नेवासे येथे पांढऱ्या चिकणमातीच्या, आतून पोकळ मूर्ती घडत. त्या दोन साच्यांत घडविलेल्या असत : एक पुढच्या अंगाचा, दुसरा मागच्या. ग्रीस देशातील तानाग्रा येथील मृण्मूर्तीही याच रीतीने होत. ही रीत रोमन संबंधांतून दक्षिणेत आली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मात्र आपल्या मूर्तींचे चेहरे, केशरचना व अलंकार येथलेच आहेत. कारागिराने युक्ती घेतली, रूप आपलेच ठेवले. पाठाचा गाभा हाच आहे.

मूर्ती पोकळ का, हे मुलांना विचारावे. जाड मातीच्या पोटात ओल राहते. भाजताना तिची वाफ होते आणि मूर्ती तडकते. पोकळ मूर्तीची भिंत पातळ असल्याने ती सारखी वाळते व सारखी भाजते. आतली तापलेली हवा बाहेर पडण्यास एक भोकही ठेवावे लागते.

कृती :
१. लिंबासारखी गुळगुळीत, खाचा नसलेली वस्तू घ्यावी व तिला चाळलेली राख चोळावी.
२. मळलेल्या मातीत ती अर्धी दाबून बसवावी. मातीच्या काठावर दोन खळगे करावेत.
३. काठावर राख भुरभुरून वरच्या अर्ध्या भागावर दुसरा थर दाबावा. थोडे सुकल्यावर दोन्ही भाग अलग करून वस्तू काढून घ्यावी आणि साचे सावलीत पूर्ण वाळवावेत.
४. साच्यांना राख लावून आत मातीचा पातळ थर दाबावा. कडांना पातळ कालवलेली माती लावावी व खळगे जुळवून दोन्ही भाग जोडावेत.
५. थोड्या वेळाने साचा उघडावा, सांधा ओल्या बोटाने सारखा करावा व बुडाशी भोक पाडावे.

गावातील कुंभारास शाळेत बोलवावे. भाजण्याचे ज्ञान त्याच्यापाशी आहे. मुलांनी ते आदराने ऐकावे.

शिक्षकांची विशेष जबाबदारी : नांगरटीत, विहिरीच्या खोदकामात किंवा नदीकाठच्या पांढरीत मुलांना खापरे, मणी, मातीची मुंडकी सापडतात. ती खेळण्यात फुटतात किंवा विकली जातात. वस्तू कोठे व किती खोलीवर मिळाली हे एकदा हरवले, की तिचे अर्धे बोलणे मुके होते. म्हणून शिक्षकाने जागा, दिनांक व खोली वहीत टिपावी, जागा पुढे खणू देऊ नये आणि तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. तेरचे वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीतून जमविलेल्या संग्रहातून उभे राहिले, हे मुलांना अवश्य सांगावे.

स्वाध्याय :
१. एका साच्यात व दोन साच्यांत केलेल्या मूर्तींत कोणता फरक पडेल?
२. ब्रह्मपुरीची कांस्यमूर्ती परदेशी, पण तेरची मृण्मूर्ती आपली असे का म्हणता येते?
३. गावातील पांढरीची जागा नकाशात दाखवा.

शाळेच्या कपाटात उत्तम मूर्ती जमल्या म्हणजे पाठ यशस्वी झाला असे मानू नये. शेतात सापडलेले एखादे खापर मुलाने न फेकता शिक्षकाकडे आणून ते कोठे मिळाले हे सांगितले, तर पाठ यशस्वी झाला असे समजावे.