पेट्रोल गाडीचे इंजिन अडखळते? आधी निदान, मग दुरुस्ती

मराठवाड्यात अजूनही बऱ्याच घरी कार्बोरेटरवर चालणारी जुनी पेट्रोल गाडी आहे. कुणाकडे जुनी जीप आहे, तर कुणाकडे १९८४ साली बाजारात आलेल्या मारुती व्हॅनच्या, म्हणजे पुढे ओम्नी म्हणून ओळखल्या गेलेल्या गाडीच्या, सुरुवातीच्या काळातील एखादी गाडी आहे. अर्धापूरच्या भागात केळीचे घड, लातूरच्या बाजार समितीकडे सोयाबीन-तुरीची पोती, आणि येताना खत-बियाणे असे काम ही गाडी वर्षानुवर्षे करीत असते. नेमक्या तोडणीच्या दिवशी इंजिन झटके मारू लागले, की तोडलेला माल बांधावर पडून राहतो आणि त्या दिवसाचा भाव हातचा जातो.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय कार्बोरेटरवर जातो. आमच्या ओळखीच्या एका केळी उत्पादकाने 'मिसिंग' मारणाऱ्या गाडीचा कार्बोरेटर दोन वेळा खोलून साफ करून घेतला आणि शेवटी बदलूनही टाकला. दोष होता एका प्लगच्या वायरीत. वायरीचे वरचे रबर तडकले होते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता इंजिनच्या लोखंडावर उडत होती. नवी वायर बसवताच गाडी सुरळीत झाली. पैसे गेले ते गेलेच, शिवाय ऐन हंगामातील आठवडा वाया गेला.

सोयाबीन पिवळे पडले तर आपण लगेच फवारणी करीत नाही. कोणती पाने पिवळी आहेत ते आधी पाहतो. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीतील लोहाची कमतरता असू शकते. खालची जुनी पाने पिवळी असतील, तर नत्राचा विचार करतो. पिवळे-हिरवे चट्टे असतील, तर मोझॅकचा संशय घेतो. इंजिनच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी.

इंजिनला काय लागते?

पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात हवा आणि पेट्रोल, योग्य वेळी जोरदार ठिणगी, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब आणि जळालेला धूर बाहेर जाण्याची मोकळी वाट. इंजिन अडखळते तेव्हा यांपैकी एखादी गोष्ट कमी पडलेली असते. तपासणी नेहमी सोप्या व बिनखर्ची गोष्टीपासून सुरू करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम वहीत लिहावा. एकाच दिवशी प्लग, वायर, पॉइंट आणि कार्बोरेटर असे सगळे बदलले, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

प्रथम लक्षणे पाहा

पान्हा हातात घेण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

१. दोष थंड इंजिनमध्ये येतो की गरम झाल्यावर? थंडपणी चांगले चालून गरम झाल्यावर मिसिंग येत असेल, तर इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर तपासावा. उन्हाळ्यात पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून जात असेल, तर नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो.

२. स्लो रेसवर अडखळते की ओझ्यावर? फक्त स्लो रेसवर अडखळत असेल, तर स्लो जेट चोंदलेला असतो किंवा कोठून तरी जादा हवा ओढली जात असते. भरलेल्या गाडीने चढावर झटके मारले, तर ठिणगी कमजोर आहे किंवा पेट्रोल कमी पडत आहे.

३. काही अंतर चालून गाडी बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते का? टाकीचे झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. हा दोष छिद्र साफ करून, फुकटात दुरुस्त होतो.

ठिणगीची तपासणी

सर्व प्लग काढून ज्या क्रमाने काढले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा करडा असेल, तर त्या सिलिंडरमधील ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे. चोक अडकला आहे का आणि एअर फिल्टर धुळीने भरला आहे का ते पाहा. काळा व तेलकट प्लग म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरट प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन तापत आहे. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर तेथे ठिणगी पोचत नाही.

नेमका कोणता सिलिंडर काम करीत नाही ते असे शोधावे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा. तिला जादा प्लग जोडून तो प्लग इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकवून ठेवा, मग इंजिन सुरू करून ऐका. इंजिनचा वेग आणखी पडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. प्रत्येक सिलिंडरची अशी पाळी घ्या. मारुती व्हॅनचे इंजिन तीन सिलिंडरचे असल्याने त्यातील एक बंद पडला तरी गाडी चांगलीच थरथरते.

दोषी सिलिंडर सापडला, की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवा. दोष प्लगबरोबर सरकला, तर प्लग बदला. न सरकल्यास वायर बदलून पाहा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरी दुरून पाहिल्या, तर तडकलेल्या जागी निळ्या ठिणग्या दिसतात. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरते. ती आतून कोरड्या फडक्याने पुसावी आणि कॅपवर केसासारखी चीर आहे का ते पाहावे.

जुन्या गाडीत पॉइंट असतील, तर ते जळून खड्डे पडलेले नाहीत ना ते पाहा. त्यांतील फट बहुधा ०.४ ते ०.५ मि.मी. असते, परंतु आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा आणि फट फीलर गेजने मोजावी. फट बदलली की टायमिंगही बदलते, म्हणून ते पुन्हा तपासून घ्यावे. नवे पॉइंट थोड्याच दिवसांत जळत असतील, तर कंडेन्सर बदलावा.

हवा आणि पेट्रोल

ठिणगी ठीक असेल, तरच इकडे वळावे. मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर भरतो. कागदी फिल्टर झटकून साफ न झाल्यास बदलावा.

यानंतर चोकची चाचणी घ्या. गरम इंजिन स्लो रेसवर असताना चोक किंचित ओढा. इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा जादा हवा शिरत आहे. आणखी बिघडले, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. या एका चाचणीवरून पुढची दिशा ठरते.

जादा हवेचा संशय असेल, तर कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग, मॅनिफोल्डचे सांधे आणि व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या तपासा. ठिणगीच्या भागांपासून दूर राहून सांध्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका. क्षणभर इंजिनचा आवाज बदलला, तर हवा तेथूनच शिरते आहे. या कामासाठी पेट्रोल कधीही वापरू नये.

पेट्रोल कमी पडत असेल, तर आधी पेट्रोलचा फिल्टर, मग पंप आणि शेवटी कार्बोरेटरची वाटी व जेट साफ करावेत. जेटमध्ये तार घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट हवेच्या दाबाने साफ करावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुनी गाडी

आपल्या लातूर-नांदेड भागातील उसापासूनही इथेनॉल तयार होते. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, परंतु जुन्या गाडीवरील परिणाम समजून घ्यावा. निव्वळ पेट्रोलच्या १ किलोला जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो पुरते. जुन्या कार्बोरेटरचा जेट मात्र पहिल्याच मापाचा असतो. त्यामुळे इंजिनला तुलनेने हवा जास्त व इंधन कमी मिळते. गाडी थंडपणी अडखळते आणि पिकअप कमी घेते.

इथेनॉल टाकीतील जुना मळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. जुने रबर व पॅकिंग फुगते किंवा तडकते. इथेनॉल ओलही शोषून घेते. पाणी वाढले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते. म्हणून संशय आल्यास टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवा. दोन थर दिसले, तर सर्व पेट्रोल काढून टाकी साफ करावी. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. फिल्टर वेळेवर बदलावा आणि इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवाव्यात.

मिक्श्चरचा स्क्रू सर्वांत शेवटी

अनेक जण सुरुवातच या स्क्रूपासून करतात. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो. बाकी सर्व ठीक झाल्यावर, इंजिन पूर्ण गरम असताना, स्क्रू किती वळणांवर आहे ते मोजून लिहून ठेवा. मग तो थोडा थोडा फिरवून इंजिन सर्वांत स्थिर चालेल तेथे ठेवा आणि त्यानंतर पीयूसी तपासणी करून घ्या.

मेकॅनिककडे केव्हा जावे?

प्लग, वायर व पेट्रोल ठीक असूनही एकच सिलिंडर मरत असेल, तर गेज लावून दाब मोजून घ्यावा. दाब कमी असल्यास त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर रिंग झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह, टॅपेट किंवा हेड गॅस्केटमध्ये दोष आहे. शेजारच्या दोन्ही सिलिंडरचा दाब कमी असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. हे काम घरी करू नये.

सावधगिरी

काम मोकळ्या हवेत करावे आणि जवळ विडी-काडी नसावी. हँडब्रेक लावून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. पंख्याच्या पट्ट्याजवळ उपरणे, पदर किंवा सैल बाही जाऊ देऊ नये. चालू इंजिनच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतू नये, कारण त्याने भडका उडून हात-तोंड भाजते.

थोडक्यात

आधी लक्षण लिहा. नंतर एअर फिल्टर व टाकीचे झाकण, मग प्लग व वायरी, मग पॉइंट, मग पेट्रोलचा मार्ग आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर, असा क्रम ठेवा. गाडीत एक जादा प्लग, एक प्लगची वायर, प्लगचा पान्हा आणि फीलर गेज कायम ठेवा. मेकॅनिककडे जातानाही आपली वही सोबत न्या. दोष कोठे नाही हे त्याला आधीच कळले, तर त्याचा वेळ वाचतो आणि आपला माल वेळेवर बाजारात पोचतो.