कर्मिट : संगणकांचा विश्वासू टपालवाला

पाटी भरली की नवे गणित मांडण्यासाठी जुने पुसावे लागते. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांची अवस्था काहीशी अशीच होती. त्यांचे काम विद्यापीठाच्या मोठ्या सामाईक संगणकात साठविले जाई. परंतु तेथील जागा अपुरी, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ती थोडीच येई. मेजावरील लहान संगणकाच्या साहाय्याने आपले काम फ्लॉपी चकतीवर उतरवून घेता आले, तर ते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती राहील, असा विचार तेथील संगणक-केंद्रात पुढे आला.

विचार सरळ होता. वाट मात्र बिकट होती. यंत्रे निरनिराळ्या कारखान्यांची, त्यांच्या रीती भिन्न. तारेत खरखर झाली की अक्षरे बिघडत. शिवाय काही चिन्हे यंत्राला मजकूर न वाटता आज्ञाच वाटत, आणि काम मध्येच अडे.

१९८१ साली फ्रँक डा क्रूझ व बिल कॅचिंग्ज यांनी यावर तोड काढली. तिचे मर्म आपण एका दृष्टान्ताने समजून घेऊ. आपणांस एक मोठी वही परगावी पाठवावयाची आहे. आपण तिचे एकेक पान निराळ्या पाकिटात घालतो, पाकिटावर अनुक्रमांक लिहितो आणि शेवटी अक्षरांच्या संख्यारूपी मूल्यांवरून काढलेला ताळा नोंदवितो. घेणारा ताळा पडताळून पाहतो. तो जुळला तर पोच देतो. न जुळला तर तेच पान पुन्हा मागवितो. नेमके हेच काम ही आज्ञावली करी. आज्ञेसारखी भासणारी चिन्हेही ती साध्या अक्षरांच्या वेषात पाठवी, व पलीकडे पोहोचल्यावर त्यांना मूळ रूप देई.

नावाची कथा गमतीची आहे. ‘मपेट’ या बाहुल्यांच्या खेळातील कर्मिट नावाच्या बेडकावरून, रीतसर अनुमती घेऊन, हे नाव ठेवण्यात आले.

विद्यापीठाने ही रीत गुप्त राखली नाही. १९८४ साली तिच्या कर्त्यांनी ‘बाइट’ मासिकातून ती विशद केली. चुंबकीय फितींवरून कर्मिट दूरदूर गेला, आणि ठिकठिकाणच्या जाणकारांनी त्याला आपापल्या यंत्रांसाठी नवी रूपे दिली. प्रत्येक पाकिटाच्या पोचेसाठी थांबावे लागत असल्याने त्याची चाल आरंभी मंद होती; पुढे मोठी पाकिटे आणि पोचेपूर्वीच अनेक पाकिटे धाडण्याची सोय होऊन ती वाढली.

२०११ साली विद्यापीठाने हा उपक्रम थांबविला. परंतु त्याच वर्षी सी-कर्मिट ही आवृत्ती मुक्त परवान्याने सर्वांस खुली झाली. तार सदोष आहे हे मान्य करूनच कर्मिटने आपले काम निर्दोष केले. गणित सोडविल्यावर ताळा पाहण्याचा आम्हां विद्यार्थ्यांना कधी कंटाळा आला, तर या बेडकाची आठवण करावी, एवढेच आमचे सांगणे.