उपग्रहाची दिशा आणि भ्रमणध्वनीचा खर्च

उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान व दिशा जाणून घेण्याची सोय आता सामान्य माणसाच्या खिशात आली आहे. मुंबईतील वरळी कोळीवाड्यासारख्या मच्छीमार वस्तीत होकायंत्राच्या जोडीला भ्रमणध्वनीही होडीवर जाऊ लागला आहे. ही सोय विनामूल्य आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

संकेत विनामूल्य

अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. नागरी संकेतांची अचूकता हेतुपुरस्सर कमी ठेवण्याची पद्धत मे २००० मध्ये बंद झाली. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही स्वतःची व्यवस्था उभारली. उपग्रह आपली वेळ व स्थान सतत प्रक्षेपित करतो आणि किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून यंत्र स्वतःचे स्थान काढते. यंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. त्यामुळे या संकेतांसाठी कोणताही आकार द्यावा लागत नाही.

खर्च कोठे पडतो?

खर्च पडतो तो नकाशाचा. पडद्यावरील नकाशा उपग्रहाकडून नव्हे, तर भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून येतो आणि त्यासाठी डेटा लागतो. उपग्रहांच्या स्थितीची माहितीही हे जाळे काही क्षणांत पुरविते. जाळे नसेल, तर ती थेट उपग्रहाकडून घेण्यास मोकळ्या आकाशाखाली साधारण अर्धा मिनिट लागतो. दुसरा खर्च विजेचा. पडदा सतत उजळ ठेवल्यास बॅटरी लवकर उतरते व होडीवर ती पुन्हा भरण्याची सोय असतेच असे नाही. तिसरा खर्च यंत्राचा. खारे पाणी व दमट हवा यांपुढे साधा भ्रमणध्वनी फार काळ टिकत नाही.

सर्वांत मोठी किंमत

याहून मोठी किंमत मात्र पैशात मोजता येत नाही. किनाऱ्यापासून काही किलोमीटर दूर गेल्यावर भ्रमणध्वनीचे जाळे संपते. उपग्रहाचे संकेत तेथेही मिळतात. परंतु आधी उतरवून न घेतलेला नकाशा कोरा राहतो आणि कोणाशी बोलताही येत नाही. संकटातील तांडेलाला आपण कोठे आहोत हे कळते, पण ते किनाऱ्याला कळविता येत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही तेथून लागत नाही.

शिवाय रस्त्यांसाठी केलेल्या नकाशात पाण्याखालचे खडक व खोली दाखविलेली नसते. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून होड्या सुरक्षित जाव्यात, म्हणून वरळीच्या मच्छीमारांनी खांबांमधील अंतर वाढविण्याचा आग्रह धरला आणि ६० ऐवजी १२० मीटर अंतर मान्य झाले. भ्रमणध्वनीने दाखविलेल्या स्थानात मोकळ्या आकाशाखालीही साधारण ५ मीटरची चूक संभवते. बांधकामाजवळ ती वाढते. अशा अरुंद वाटेने जाताना डोळे पडद्यावर नव्हे, पाण्यावरच हवेत.

करावयाची तजवीज

इस्रोने विकसित केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. ते जाळ्याबाहेरूनही उपग्रहामार्गे तटरक्षक दलाला संदेश देते. मासेमारी नौकांवर उपग्रहाद्वारे संदेशवहन करणारे एक लाख ट्रान्सपाँडर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाला. किनारी ग्रामपंचायतींनी व मच्छीमार सहकारी संस्थांनी अशा साधनांची माहिती प्रत्येक नौकामालकापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे. निघण्यापूर्वी नकाशा उतरवून घेणे, बॅटरीची दुसरी सोय ठेवणे, यंत्र जलरोधक पिशवीत बांधणे आणि परतण्याची वेळ घरी सांगून जाणे, या गोष्टींना खर्च थोडाच येतो.

शिक्षकांनाही येथे कार्य आहे. होकायंत्र, तारे, भरती-ओहोटी व किनाऱ्यावरील खुणा यांवरून दिशा ओळखण्याचे ज्ञान कोळी समाजाने पिढ्यान् पिढ्या जपले आहे. गावातील जाणत्या तांडेलाला शाळेत बोलावून ते मुलांना शिकविता येईल. बॅटरी संपल्यावर होडी किनाऱ्याला आणण्यासाठी हेच ज्ञान उपयोगी पडते.