अर्धा किलोचा केक ३५० ला विकताय? आधी काट्यावर ठेवा

होम बेकिंगच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, "सर, केकचा रेट काय ठेवू?" व्हिडिओत सगळं गणित फळ्यावर मांडता आलं नाही, म्हणून ते इथे सावकाश लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

सांगलीच्या एक ताई आमच्या वर्गाला आल्या होत्या. दीड वर्षापासून घरून केक करतात. हाताला चव आहे, आयसिंग स्वच्छ, महिन्याला साधारण १२ केक जातात. त्या माझ्याकडे रेट विचारायला आल्याच नव्हत्या. त्यांना मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज हवं होतं, ५०,००० रुपयांचं. मोठा ओव्हन घ्यायचा होता. "धंदा वाढवायचाय सर, ऑर्डर येतात, पण हातात काही उरत नाही. मोठा ओव्हन आला की उरेल."

मी म्हटलं, ताई, फॉर्म नंतर भरू. आधी एका केकचा हिशोब करू.

त्यांचा सगळ्यात जास्त जाणारा केक म्हणजे अर्धा किलो एगलेस पाइनॅपल, किंमत ३५० रुपये, घरपोच. खाली त्यांच्या बिलांवरचे आकडे आहेत. तुमच्या गावात भाव वेगळे असतील, तेव्हा आकडे तुमचे टाका, रीत हीच ठेवा.

प्रीमिक्स १५० ग्रॅम, २०० रुपये किलोने ३० रुपये. तेल ३ रुपये. पाणी धरून याचा साधारण २४० ग्रॅम स्पंज होतो. व्हिप क्रीम १५० ग्रॅम, २६० रुपये किलोने ३९. पाइनॅपल क्रश ६० ग्रॅम, १२ रुपये. साखरेचं पाणी ५० ग्रॅम, २ रुपये. वर चेरी, जेल, रंग मिळून १० धरा. झाले ९६ रुपये, आणि वजन झालं बरोबर ५०० ग्रॅम.

ताई खूश. "म्हणजे ३५० मध्ये अडीचशे सुटतात की!"

इथेच बहुतेक जण वही मिटतात. आपण पुढे जाऊ.

बॉक्स, खालचा बोर्ड, सुरी-मेणबत्ती, स्टिकर, कॅरीबॅग असं मिळून ५० रुपये. वीज १५ रुपये. ओटीजी साधारण १५०० वॅटचा असतो, प्रीहीट धरून पाऊण तास चालला तर जास्तीत जास्त एक-सव्वा युनिट जातं. पण लक्षात ठेवा, घरचं बिल स्लॅबने येतं. तुमचे केकचे युनिट घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे ते तुमच्या सगळ्यात महाग स्लॅबमध्ये मोजायचे. बीटर आणि फ्रीजही त्यातच आले. फुकट गेलेलं क्रीम, फसलेला स्पंज यासाठी १० रुपये. स्कूटरचं पेट्रोल २०.

आता घसारा. हा शब्द ऐकला की लोक घाबरतात, पण गोष्ट सोपी आहे. ताईंचा ओटीजी, बीटर, टर्नटेबल, टिन, नोझल असं सगळं मिळून १५,००० चं सामान आहे. ते तीन वर्षं चाललं असं धरलं, तर वर्षाला ५,००० रुपये झिजतात. वर्षाला सुमारे १५० केक. म्हणजे प्रत्येक केकमागे ३३ रुपये. हे पैसे आज खिशातून जात नाहीत, म्हणून दिसत नाहीत. बीटर जळतो त्या दिवशी एकदम दिसतात.

एकूण झाले २२४. तरी १२६ उरतात ना? हो. पण मग मी त्यांना सांगितलं, घरी जाऊन पुढचे चार केक बॉक्समध्ये घालायच्या आधी काट्यावर ठेवा. रिकाम्या बोर्डाचं वजन आधी वजा करा.

आठवड्याने फोन आला. चारही केक ६५० च्या वर. सरासरी ६८० ग्रॅम!

हे फक्त त्यांचं नाही. आमच्या वर्गात काटा ठेवला की दर वेळी हेच होतं. कारण साधं आहे. प्रीमिक्स वाटीने घेतलं जातं, आणि फेटलेलं क्रीम उरलं तर ठेवायचं कुठे, म्हणून तेही केकवरच जातं. फुलं थोडी मोठी होतात, कडेला अजून एक थर येतो. गिऱ्हाईक अर्ध्या किलोचे पैसे देतं आणि आपण पाऊण किलोच्या जवळ जातो. त्याला हे कळतही नाही, त्यामुळे त्याचं कौतुकसुद्धा मिळत नाही. ९६ चं सामान १३० वर गेलं, आणि एकूण खर्च २५८. हातात राहिले ९२ रुपये.

आता शेवटचा प्रश्न. या एका केकला तुमचा वेळ किती गेला? ओव्हन चालू असतानाचा सोडा, तुमचे हात गुंतलेले होते तेवढाच सांगा. गिऱ्हाइकाशी व्हॉट्सॲपवर डिझाइन ठरवणं, मिश्रण, आयसिंग, भांडी (क्रीमची तेलकट भांडी धुणं हा वेगळाच उद्योग आहे), पॅकिंग, पोचवणं. ताईंनी प्रामाणिकपणे अडीच तास सांगितले. ९२ भागिले अडीच, म्हणजे तासाला ३७ रुपये. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सर, पोळ्यांच्या मावशींना मी याच्यापेक्षा जास्त देते."

आता कर्जाकडे या. १२ केकचे महिन्याला ११०४ रुपये हातात येतात. ५०,००० चं कर्ज तीन वर्षांत फेडायचं, तर नुसतं मुद्दलच महिन्याला १३८९ रुपये होतं, व्याज वेगळं. म्हणजे सगळी कमाई देऊनही हप्ता पुरा होत नाही. आणि ओव्हन? एका केकला पाऊण तास, बारा केकना नऊ तास. महिन्यातून नऊ तास चालणारा ओव्हन मोठा करून काय मिळणार? अडलंय ओव्हनमध्ये नाही, हातांच्या वेळेत आणि काट्यावर अडलंय. मुद्रा चांगलीच योजना आहे, पण प्रत्येक केकवर अंगावर पडत असेल तर कर्जाने जास्त केक होतात आणि जास्त अंगावर पडतं.

मग काय केलं?

पहिलं, ३०० रुपयांचा डिजिटल काटा ओट्यावर कायमचा ठेवला. स्पंज, सिरप, क्रीम, क्रश, सगळं मोजून. केक ५०० ते ५२० च्या आतच संपला पाहिजे. क्रीम उरू नये म्हणून लागेल तेवढंच फेटायचं. गोठवलेलं क्रीम आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आणायचं, आणि एकदा वितळलेलं परत फ्रीझरमध्ये टाकायचं नाही, नीट फुलत नाही.

दुसरं, वेळ. रोज एक केक करणं हे सगळ्यात महाग काम. आता ऑर्डर दोन दिवस आधी घेतात, आणि शक्य तिथे दोन केक जोडून करतात. स्पंज आदल्या संध्याकाळी भाजून, गार करून, गुंडाळून ठेवायचा. गार स्पंज कापताना चुरा कमी पडतो, आयसिंगही भरभर होतं. बीटरची भांडी एकदाच निघतात. डिझाइनचे सहा फोटो ठरवून ठेवलेत, गिऱ्हाइकाला त्यातलंच निवडायला सांगतात. "इंटरनेटवर बघितलं तसं करा" याला वेगळा रेट, आणि तो तासावर. अडीच तासांचे पावणेदोन तास झाले.

तिसरं, भाव. खर्च २०४ (पेट्रोल काढून टाकलं, डिलिव्हरीचे ३० रुपये वेगळे), तासाला १०० प्रमाणे मजुरी १७५, झाले ३७९. त्यावर दहा टक्के धंद्याचा वाटा. मजुरी तुमची, पण हा वाटा धंद्याचा, तो वेगळ्या डब्यात जातो. भाव ठरला ४२० रुपये.

"सर, कोपऱ्यावरचा बेकरीवाला ३२० ला देतो!" देणारच. तो एका वेळी वीस स्पंज भाजतो आणि पोत्याने माल घेतो. त्याच्याशी भावात भांडू नका, तुम्ही हराल. तुमच्याकडे जे आहे ते सांगा: ऑर्डरनंतर केलेला ताजा केक, कमी गोड हवा तर कमी गोड, संकष्टीला-श्रावणात एगलेस हवा तर वेगळ्या भांड्यांत केलेला खरोखरचा एगलेस.

नातेवाइकांचं काय? हा केकपेक्षा नाजूक विषय. "वहिनी, आपल्याच घरचा केक, त्याचे काय पैसे घेतेस?" ताईंनी एक ओळ पाठ केली: "मजुरी नको, पण सामान आणि बॉक्सचे दीडशे होतात." दोन भाचे रुसले. आत्याबाईंनी मात्र पहिल्यांदाच पूर्ण पैसे दिले.

केकबरोबर दुसरं काही जोडायचं का, असंही खूप जण विचारता. ब्राउनी बघा. सोळा तुकड्यांचा ट्रे: कंपाउंड चॉकलेट, बटर, अंडी, कोको, अक्रोड, साखर, मैदा मिळून साधारण २५७ रुपये. पॅकिंग ८०, वीज १५, घसारा ३३, नुकसानीचे २६. एकूण ४११. तुकडा ४० ला गेला तर ६४० येतात, २२९ उरतात, हात गुंततात एक तास. केकपेक्षा बरं दिसतं, पण चार तुकडे उरले तर १६० गेले आणि राहिले ६९. म्हणून आधी बुधवारी ग्रुपवर ऑर्डर घ्यायच्या, मग शुक्रवारी ट्रे लावायचा.

घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन लागतं. उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर साधं रजिस्ट्रेशन पुरतं, फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज करायचा, १४ अंकी नंबर मिळतो. ब्राउनी पॅक करून दुकानात ठेवणार असाल तर लेबलवर तो नंबर, घटक, वजन, तारखा, आणि अंडं असेल तर मांसाहाराची तपकिरी खूण हवी. हिरवी लावू नका.

भाव वाढवल्याचं ताईंनी गिऱ्हाइकांना असं कळवलं, हवं तर तुम्हीही वापरा: "नमस्कार, १ तारखेपासून अर्धा किलो पाइनॅपल केक ४२० रुपये, डिलिव्हरी ३० रुपये. ऑर्डर दोन दिवस आधी, निम्मे पैसे आगाऊ. ज्यांनी आधीच ऑर्डर दिली आहे त्यांना जुनाच भाव." ना माफी, ना महागाईचं रडगाणं.

पहिल्या महिन्यात १२ चे ९ केक झाले. केक कमी झाल्यामुळे घसाऱ्याचा वाटा केकमागे ३३ वरून ४६ झाला, तरी प्रत्येक केकमागे २०३ उरले. नऊ केकचे १८२७ रुपये, आणि तीस तासांऐवजी सोळा तासांहून कमी काम. कर्जाचा फॉर्म अजून त्यांच्या कपाटात आहे. महिन्याला २५ केक नियमित जायला लागले की काढू म्हणाल्या, आणि तेव्हाही आधी ओव्हन नाही, दुसरा फ्रीज.