जीवनमानाची तुलना : भारत आणि श्रीलंका

दोन देशांच्या प्रगतीची तुलना करावयाची झाल्यास सर्वप्रथम दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे येतो. हा आकडा निरुपयोगी नाही. परंतु तो अपुरा आहे. देशाचे एकूण उत्पन्न लोकसंख्येने भागले म्हणजे सरासरी मिळते. ते उत्पन्न कोणाच्या घरी पोहोचले, बाळंतिणीला वेळेवर उपचार मिळाले की नाही, मुलगी शाळेत टिकली की नाही, याचा बोध त्या सरासरीवरून होत नाही.

मोजमापाच्या पद्धती

ही उणीव भरून काढण्यासाठी १९७० नंतरच्या दशकात मॉरिस डेव्हिड मॉरिस या अर्थशास्त्रज्ञाने भौतिक जीवनमान निर्देशांक मांडला. बालमृत्यूचे प्रमाण, एक वर्ष वयाच्या बालकाचे अपेक्षित आयुर्मान आणि साक्षरता या तीन बाबींना त्यात ० ते १०० असे गुण दिले जात. पुढे १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने महबूब उल हक यांच्या पुढाकाराने मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध केला. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न ही त्याची तीन अंगे होत.

या मापांनी पाहता शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९७० च्या दशकात भारत व श्रीलंका या दोन्ही देशांची गणना अल्प उत्पन्नाच्या देशांत होत असे. तरीही मॉरिस यांच्या मापनात श्रीलंकेला ८० च्या वर, तर भारताला ५० हून कमी गुण मिळाले. दोन्ही देश गरीब असतानाच हे अंतर पडले होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

अंतर कशामुळे पडले?

श्रीलंकेत १९३१ मध्येच स्त्री-पुरुष सर्वांना मताधिकार मिळाला. त्यामुळे शाळा, दवाखाना आणि धान्य हे निवडणुकीचे विषय बनले. कळुतारा येथे १९२६ मध्ये पहिले आरोग्य पथक स्थापन झाले होते. त्याच धर्तीवर पुढे देशभर पथके उभी राहिली. गावोगावच्या प्रशिक्षित सुईणी गरोदर स्त्रियांच्या घरी जाऊन तपासणी करू लागल्या. १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीने हजारो बळी घेतल्यानंतर ग्रामीण आरोग्यसेवेला अधिक चालना मिळाली. १९४५ मध्ये शिक्षणमंत्री कन्नंगरा यांच्या कारकिर्दीत बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण निःशुल्क झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेली तांदळाची शिधावाटप व्यवस्था १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकली.

यांपैकी कोणताही एक उपाय पुरेसा ठरला नसता. शिकलेली आई आजाराची लक्षणे लवकर ओळखते. परंतु दवाखाना जवळ नसेल तर त्या ज्ञानाचा उपयोग होत नाही. दवाखाना जवळ असूनही घरात अन्न नसेल तर बालक पुन्हा आजारी पडते. शिक्षण, आरोग्य व अन्न यांची सांगड हेच त्या यशाचे मर्म होय.

आजची स्थिती

२०२३ च्या आकडेवारीवर आधारलेल्या मानव विकास अहवालात श्रीलंका ८९ व्या, तर भारत १३० व्या स्थानी आहे. श्रीलंकेतील अपेक्षित आयुर्मान सुमारे ७७ वर्षे, तर भारतातील सुमारे ७२ वर्षे आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ अर्भके एक वर्षाच्या आत दगावली. श्रीलंकेत हे प्रमाण ६ च्या आसपास होते. हजारी २२ चा हा फरक लहान भासतो. परंतु भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक बालके जन्मतात, हे लक्षात घेतले म्हणजे तो चार लाखांहून अधिक बालकांच्या जीविताचा प्रश्न ठरतो.

भारताची वाटचालही उपेक्षणीय नाही. १९७१ मध्ये बालमृत्यूचे हेच प्रमाण हजारी १२९ होते.

तुलनेतील सावधगिरी

श्रीलंकेची लोकसंख्या सुमारे सव्वादोन कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून कमी आहे. विशाल देशाची लहान बेटाशी तुलना करताना अंतर्गत भेद झाकले जातात. २०२० मध्ये केरळात बालमृत्यूचे प्रमाण हजारी ६, म्हणजे श्रीलंकेइतकेच होते. महाराष्ट्रात ते १६ होते. उलटपक्षी, श्रीलंकेतही चहाच्या मळ्यांतील तमिळ मजूर कुटुंबे आरोग्य व शिक्षणात दीर्घकाळ मागे राहिली. १९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्धाची झळ उत्तर व पूर्व प्रांतांना विशेष बसली. पुढे २०२२ मध्ये परकीय चलन संपुष्टात आले, तेव्हा इंधन व औषधे यांची तीव्र टंचाई निर्माण झाली. सामाजिक सेवांना भक्कम अर्थव्यवस्थेचा आधार नसेल तर मिळविलेले यशही धोक्यात येते, हा या तुलनेचा दुसरा धडा होय.

गावपातळीवरील उपयोग

देशांच्या तुलनेसाठी वापरले जाणारे हे निकष गावालाही लागू पडतात. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत वर्षभरात किती जन्म झाले, किती अर्भके दगावली, हे पाहता येते. शाळेच्या पटावरून किती मुली मधेच गळाल्या, हे कळते. लहान गावात एका वर्षाच्या आकड्यावरून प्रमाण काढणे योग्य नव्हे. मात्र पाच-दहा वर्षांच्या नोंदी एकत्र पाहिल्यास दिशा स्पष्ट होते. प्रत्येक अर्भकमृत्यूची नोंद होते काय, त्याचे कारण विचारले जाते काय आणि तो कोणत्या वस्तीत झाला हे तपासले जाते काय, या तीन प्रश्नांची चर्चा ग्रामसभेत व्हावयास हवी. रस्ता व इमारत यांवरील खर्च सहज दिसतो. वाचलेले मूल मात्र नोंदवहीतच दिसते. म्हणून ती नोंदवही अचूक ठेवणे आणि नियमितपणे वाचणे हे विकासकार्याचेच अंग मानले पाहिजे.