मांजराला आधी एकच खोली द्या

रस्त्यावरून, बंद पडलेल्या शेडमधून किंवा कुणाच्या गच्चीवरून सोडवून आणलेलं मांजर घरात आलं की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. मुलं त्याला मांडीवर घेतात, कुणी दुधाची वाटी पुढे सरकवतं, कुणी शेजाऱ्यांना हाक मारतं. संध्याकाळपर्यंत त्या जिवाला अख्खं घर फिरवून दाखवलेलं असतं. या सगळ्यात माया खरी असते, पण तिला घाई फार असते. मांजराचं नुकसान बहुतेक वेळा या घाईनंच होतं.

आम्ही नागापूरला राहतो, एमआयडीसीच्या अंगाला. इथे मांजरांची उणीव नाही. गोदामात उंदीर आले की मागोमाग मांजरं येतात, पॅलेटच्या ढिगाऱ्यात वितात. नगर-मनमाड रस्त्यावर तर रात्रंदिवस ट्रक चालू. मांजरी रस्ता ओलांडताना गेली की पिल्लं उघड्यावर पडतात. आमची भुरी अशीच एका बंद शेडमध्ये पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे सापडली. मैत्रिणीनं तिला काही आठवडे सांभाळलं आणि मग ती आमच्याकडे आली, चारेक महिन्यांची असेल तेव्हा. अंगावर करडे पट्टे, एका कानाला चीर. तिच्या निमित्तानं आम्हाला बरंच समजत गेलं, आणि आता आसपास कुणाकडे मांजर आलं की बायका मला विचारायला येतात. त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

मांजर सोडवायला जाताना पाळायची एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगते. आमच्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात, एप्रिल 2024 मध्ये ऐन पाडव्याच्या दिवशी एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत जनावरांच्या शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजराला काढायला एकजण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. असे पाचजणांचे जीव गेले. जो कमरेला दोर बांधून उतरला होता, तेवढाच वाचला. शेण कुजतं तिथे विषारी वायू साचतो, हवेतला प्राणवायू कमी होतो आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वरून काहीच दिसत नाही. म्हणून विहीर, शोषखड्डा, गोबरगॅसचा खड्डा, कारखान्याची टाकी यांपैकी कशातही मांजर पडलं असेल तर कुणीही आत उतरायचं नाही. दोराला टोपली किंवा जाड गोणपाट बांधून खाली सोडा, मांजर नखं रुतवून चढतं. नाही जमलं तर 112 किंवा 101 ला फोन करून अग्निशमन दलाची वाट बघा.

आता घरात आलेल्या मांजराकडे वळते.

जुनी माणसं म्हणतात, कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर जागेला. ते अगदी खरं आहे. मांजराला जागा ओळखीची होते ती वासानं. गाल, अंग, पंजे घासून ते स्वतःचा वास ठिकठिकाणी लावत जातं आणि तेवढ्याच भागात त्याला निर्धास्त वाटतं. सोडवून आणलेल्या मांजराची ही सगळी ओळख एका दिवसात पुसलेली असते. अशा वेळी तीन खोल्या, मोरी, माळा, अंगण एकदम समोर आलं तर ते सगळ्यात अंधाऱ्या फटीत शिरणार आणि तिथून हलणार नाही. म्हणून पहिले दहा-पंधरा दिवस दार लागणारी एकच लहान खोली द्यायची. त्यात एका कोपऱ्यात खाणं, त्यापासून थोडं लांब पाणी, समोरच्या कोपऱ्यात शौचाची सोय आणि लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं. एमआयडीसीत खोक्यांना काय तोटा? खोकं आडवं ठेवा, तोंड भिंतीच्या बाजूला थोडं वळवा, आत जुनं सुती कापड घाला. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 साली निवारागृहात नव्यानं आलेल्या मांजरांवर अभ्यास केला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं पहिल्या काही दिवसांतच बाकीच्यांपेक्षा लवकर शांत झाली. लपायला मिळालं म्हणून मांजर माणसाळत नाही, ही समजूत उलटी आहे.

खोली निवडताना तिच्यातली भोकं बघा. भुरी आल्या आल्या दिवाणाच्या पोटात शिरली. दिवाणाच्या मागच्या प्लायवूडला भिंतीकडून वायर काढायला हाताएवढी जागा कापलेली होती, ती आमच्या कुणाच्या ध्यानात यायच्या आधी तिच्या आली. आत रजया, चादरी, साड्यांचं गाठोडं, आणि त्यांत डांबराच्या गोळ्या. या गोळ्यांचा नुसता वाससुद्धा मांजराला बाधतो. गोळी चाटली गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आम्ही वरची फळी हळूच उचलून गोळ्या वेचून काढल्या, गाठोडं बाहेर घेतलं, भुरीला मात्र हात लावला नाही. फळी परत ठेवली, भोकापाशी पाणी ठेवलं आणि दार ओढून घेतलं. लपलेल्या मांजराला ओढून काढायचं नाही. ते चावेल हा एक भाग झाला, पण लपायची जागाही सुरक्षित नाही हे त्याला एकदा पटलं की पुढचे कित्येक आठवडे वाया जातात.

डांबराच्या गोळ्यांसारखंच फिनाईलचं. आपल्याकडे मांजर आलं म्हणून फरशी जास्तच फिनाईलनं पुसतात. मांजर त्या फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं. फिनाईलसारखी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायला यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार कमकुवत असते. माणसाची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला जीवघेणी ठरते, तीही याच कारणानं. अर्धी देऊ का, पाव देऊ का, असं लोक विचारतात. अजिबात देऊ नका. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारी पावडर किंवा थेंबही मांजराला लावू नका. त्यांतल्या पुष्कळांत परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात. पिसवा झाल्या असतील तर पशुवैद्याकडून मांजराचंच औषध घ्या.

खाण्याचं सांगते. आमच्या सासूबाईंना, ज्यांना मी आईच म्हणते, मांजर म्हणजे दूध-पोळी एवढंच माहीत होतं. गावाकडे त्यांनी तशीच मांजरं सांभाळलेली. पण गावाकडचं मांजर दूध-पोळीवर जगत नव्हतं, कणगीखालच्या उंदरांवर जगत होतं. दूध-पोळी वरकडीची. दारं बंद असलेल्या घरात फक्त तेच दिलं तर मांजर हळूहळू खंगतं. टॉरिन नावाचा एक घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळावा लागतो. तो नसेल तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, हगवण लागते, आणि लोक म्हणतात नवं मांजर घाण करतं. घरात मांसाहार चालत नसेल तर मांजराचं तयार कोरडं खाद्य आणा, त्यात टॉरिन घातलेलं असतं. चालत असेल तर बिनमिठाचं, बिनकांद्याचं उकडलेलं चिकन द्या. कांदा-लसूण मांजराला विषच. आमच्या आईंनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः चिकनचं वेगळं भांडं केलं.

नवं मांजर पहिल्या दिवशी खात नाही. रात्री घर झोपलं की खाईल. पण मोठं मांजर दोन दिवस आणि पिल्लू एक दिवस काहीच खात नसेल तर वाट बघू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मग खायला दिलं तरी त्याला खाववत नाही. बोका वारंवार शौचाच्या जागी बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल तर त्याच तासाला दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो.

शौचासाठी महागडं भांडं लागत नाही. बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं उत्तम, कडा बुटक्या हव्यात. त्यात चाळून उन्हात तापवलेली बारीक वाळू चार बोटं घाला. पॅलेटवाल्याकडचा लाकडाचा भुसा फुकट मिळतो, पण तो पंजांना चिकटून घरभर जातो आणि धुळीनं मांजर शिंकतं. घाण रोज दोनदा काढायची. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं, कारण मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माचा जंतू पसरू शकतो. मांजर टाकून द्यायचं कारण नाही, काम वाटून घ्या.

भुरीला माणसाळवलं ते आईंच्या हरिपाठानं, असं मी मानते. रोज तिन्हीसांजेला त्या देवापाशी बसून म्हणायच्या. भुरी आल्यावर त्या तिच्या खोलीत, दिवाणाकडे पाठ करून जमिनीवर बसून म्हणू लागल्या. आवाज हळू, एकसुरी, रोज त्याच वेळी. आधी भोकातून दोन कान दिसले. मग मिशा. मग एके संध्याकाळी ती बाहेर येऊन आईंच्या पदराचं टोक हुंगून परत आत गेली. आईंनी मान वळवली नाही, म्हणायच्या थांबल्याही नाहीत. मांजराशी ओळख अशी करायची असते. खाली बसायचं, त्याच्याकडे रोखून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडायचे. ससेक्स आणि पोर्ट्समाउथ या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की असं केल्यावर मांजर उलट डोळे मिटतं आणि अनोळखी माणसाकडेही यायला तयार होतं. मुलांना हे सांगा, त्यांना फार आवडतं.

आणि इतकं जमून आल्यावर एके दिवशी भुरी गेली. गॅस सिलिंडरची गाडी आली, दार उघडं होतं आणि त्याच वेळी गल्लीत वरातीचा डीजे सुरू झाला. ती खोलीतून बाहेर आली ती थेट रस्त्याकडे. आम्ही पोटात गोळा घेऊन मनमाड रस्त्यापर्यंत धावलो. शोधायची ती जागाच नव्हती. हरवलेल्या मांजरांचा एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी 75 टक्के मांजरं निसटल्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत सापडली होती. घाबरलेलं मांजर लांब पळत नाही, जवळच्या पहिल्या आडोशाला दबून बसतं आणि नावानं हाक मारली तरी ओ देत नाही. दिवसा ओरडत फिरण्याचा उपयोग होत नाही. रात्री सेकंड शिफ्ट सुटून गल्ली निवली की बॅटरी जमिनीलगत धरून फिरायचं, डोळे चमकतात. भुरीचे चमकले शेजारच्या प्लॉटवर, ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेल्या कूलरच्या मागे. तिला पकडायला हात घातला असता तर ती कुंपणापलीकडे गेली असती. आम्ही पिंजरा मागून आणला, आत तिच्या खोक्यातलं कापड आणि चिकन ठेवलं आणि लांब जाऊन बसलो. पहाटे ती आपल्या पायांनी आत आली होती.

म्हणून नव्या मांजराच्या घरात दोन दारांचा नियम पाळा. बाहेरचं दार उघडताना मांजराच्या खोलीचं दार बंद. हे पाहुण्यांना, कामवाल्या ताईंना, पेपरवाल्याला सगळ्यांना सांगा. दारावर कागद चिकटवा. खिडक्यांना जाळी आधी, मांजर नंतर.

दवाखान्याचं थोडक्यात. पहिल्या आठवड्यात जंताचं औषध. पिल्लाला आठव्या आठवड्याच्या सुमारास तिहेरी लसीचा पहिला डोस आणि पुढे तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस. तिहेरी लस टाळू नका. ज्याला लोक मांजराचा पार्व्हो म्हणतात, त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही, ब्लीचनं मरतो. तुमच्याकडे आधीचं पिल्लू उलट्या-हगवणीनं गेलं असेल तर लस न झालेलं पिल्लू त्या घरात आणूच नका. नसबंदीही पाचव्या-सहाव्या महिन्यात उरकून घ्या. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. माजावर आलेली मांजरी घराबाहेर पडायला वाट्टेल ते करते. कुणाला ओरखडा किंवा चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. तिथे रेबीजची लस मोफत मिळते. हळद, चुना लावत बसू नका.

रुळायला किती दिवस लागतात, हे सगळे विचारतात. काही मांजरं आठवड्यात मांडीवर येतात, काहींना तीन महिने लागतात, काही कधीच मांडीवर येत नाहीत आणि तरी सुखानं नांदतात. महिनाभरात माणसाळलं नाही म्हणून पोत्यात घालून पुन्हा एमआयडीसीत सोडून येणारे लोक मी पाहिले आहेत. पाळलेला प्राणी असा टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. आणि घरात राहिलेलं मांजर त्या रस्त्यावर फार दिवस टिकत नाही.

तेव्हा एक विनंती. दिवाळी, गणपती विसर्जन किंवा घरातलं लग्नकार्य तोंडावर असेल तर नवं मांजर आणू नका. ज्यांनी ते सध्या सांभाळलं आहे त्यांना आणखी थोडे दिवस ठेवायला सांगा, त्याच्या खाण्याचा खर्च हवं तर तुम्ही द्या, आणि फटाके, वाजंत्री संपून घर शांत झालं की मगच त्याला घेऊन या.