मोफत पास आणि एकटीचा प्रवास

“पोरीच्या जातीला एकटीला गाडीत बसवून द्यायचं?” माझी धाकटी बहीण नववीत गेली त्या जूनमध्ये आजीने हा प्रश्न केला. तोवर आम्ही दोघी एकाच एस.टी.ने तालुक्याच्या शाळेत जात असू. मी अकरावीला गेले, माझी वेळ बदलली आणि धाकटीची शाळा अडून बसली. प्रश्न पैशाचा नव्हता. प्रवास मोफतच होता.

ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींना घर ते शाळा असा एस.टी.चा मोफत पास मिळतो. अहिल्याबाई होळकरांचे नाव त्या योजनेला आहे. मुलांना मात्र पासावर ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिसरा हिस्सा भरावाच लागतो. २०२४ च्या जूनमध्ये पास शाळेतच पोचविण्याची मोहीम निघाली, त्यामुळे खिडकीपुढची रांगही कमी झाली. शासनाने भाडे माफ केले हे थोडे नव्हे. पण एकटीने गाडीत चढण्याचे धैर्य पासाबरोबर मिळत नाही. ते घरीच शिकवावे लागते.

मी चार दिवस घेतले. पहिल्या दिवशी पाटी कशी वाचायची ते दाखविले. शेवटच्या गावाचे नाव सगळेच वाचतात, त्याखालचे बारीक अक्षरातले ‘मार्गे’ कोणी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी तिने वाचायचे, मी गप्प राहायचे. (हे फार कठीण जाते. मोठ्या बहिणींनी करून पाहावे.) तिसऱ्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले, ती पुढे वाहकाजवळ. चौथ्या दिवशी मी फाट्यावरूनच घरी परतले. शंका आली तर चौकशीच्या खिडकीवर विचारायचे, वाटेत भेटलेल्या माणसाला नाही, एवढे बजावले होते.

तरीही दिवाळीनंतर एकदा ती चुकलीच. येताना घाईत दुसऱ्या गाडीत बसली. शेवटचे गाव तेच, पण मार्ग धरणाकडचा. त्या मार्गावर तिचा पास चालत नव्हता. कंपासपेटीत आईने ठेवलेली वीसची नोट होती म्हणून तिकीट निघाले. वाहककाकांनी तिला पुढच्या गावी उतरवून परतीची गाडी दाखविली. दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा आजी ओट्यावरच बसून होती. धाकटी रडली नाही. “मार्गे वाचायचं राहिलं,” एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी आजीने तिला स्वतःच डबा भरून दिला.

या प्रसंगावरून मला पासाची खरी मर्यादा कळली. तो एका वाटेचा पास आहे. लंडनमध्ये २००५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना शहरातल्या बसगाड्या मोफत झाल्या, पुढच्या वर्षी सोळा-सतरा वर्षांच्या शिकणाऱ्यांनाही. तिथे वाटेचे बंधन नाही. तेथील संशोधकांनी मुलांशी बोलून पाहिले, तेव्हा आईबापांवर अवलंबून न राहता हिंडता येते, हाच मोठा लाभ पुढे आला. आमच्याकडे ग्रंथालय, स्पर्धा, मैत्रिणीचे घर या पासाच्या वाटेवर असेल तरच मोफत. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले, त्याने मुलींना थोडा दिलासा मिळाला. पण चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती अर्ध्या तिकिटाचे तरी पैसे कुठून असणार? माझ्या मते शालेय पास निदान तालुक्यापुरता सर्व गाड्यांना चालावा, आणि मुलग्यांनाही मिळावा. शेतमजुराच्या मुलाला तिसरा हिस्सा जड जातो, हे आपल्या वर्गातही दिसते.

धाकटी आता बारावीत आहे. स्थानकावरच्या सगळ्या गाड्यांचे मार्ग तिला पाठ आहेत, आणि शेजारच्या दोन मुलींना तीच घेऊन जाते. पुढच्या जूनमध्ये तिला आपल्या महाविद्यालयात यायचे आहे. बारावी संपली की मोफत पासही संपतो, म्हणजे घरात दोन पासांचे पैसे. माझे शेवटचे वर्ष होईपर्यंत तिने थांबावे काय, असे वडील परवा विचारीत होते. मी अजून त्यांना उत्तर दिलेले नाही.